खैरुनबीचा गालिचा

हात लावला तेव्हा डाग गरम होता.

म्हणजे आत्ताचा होता. पांढऱ्या फुलाच्या मधोमध, लाल कडेच्या अलीकडे, सुपाएवढा काळपट ओला डाग, आणि त्यावर पूनमसिंगचा तळवा असा टेकलेला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकावा. पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून तो नुकताच परतला होता. त्यांच्यासाठीचं हसू चेहऱ्यावर अजून तसंच होतं. ते उतरवायचं राहून गेलं होतं. समोर, दोन खोल्यांच्या मधल्या दारात, त्याची आई सुखीबाई उभी होती. तिच्या फेटियाचा, घेरदार घागऱ्याचा, काठ एका बाजूने पायाला चिकटला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, गालिच्याकडेही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. कॅलेंडर तिला वाचता येत नव्हतं.

बाहेर अंगणात, कडुनिंबाला, भुऱ्या बांधलेला होता. दारव्ह्याकडच्या तांड्यावरून आईच्या मागोमाग आलेला, एक कान फाटलेला, म्हातारा कुत्रा. पाहुणे यायच्या आधी पूनमसिंगनेच त्याला बांधलं होतं. नवी दोरी, गाठीवर गाठ, वर ओढून पाहिलेलं. म्हणजे...

रामी, त्याची बायको, अंगणातल्या नळावरून विसळलेले कप घेऊन आत आली. तिने मान वर करून हुंगलं. "कायचा वास येऊन राह्यला?"

"भुऱ्यानं केलं," पूनमसिंग म्हणाला.

रामीने एकदा सासूच्या पायांकडे पाहिलं, एकदा दारातून कडुनिंबाकडे. ती आत्ता त्याच कुत्र्याच्या शेजारी बसून कप विसळून आली होती. "मुकं जनावर," ती म्हणाली, "त्याले काय समजते." आणि दोघांनी मिळून हे म्हटल्यावर ते खरं करण्याचं काम तेवढं उरलं. पूनमसिंग उठला, अंगणात गेला, गाठी सोडू लागला. ताणून त्या घट्ट झाल्या होत्या, नखं लावावी लागली. भुऱ्याला वाटलं आपल्याला कुठंतरी नेताहेत. तो उठला, अंग झाडलं, शेपूट हलवली. पूनमसिंगने मागे वळून पाहिलं तेव्हा आईने कॅलेंडरवरची नजर काढली होती. ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

गालिचा त्याचा नव्हता. शेजारच्या खैरुनबीचा होता. हेडमास्तर आणि शाळा समितीचे अध्यक्ष चहाला येणार असं ठरलं तेव्हा त्याने आपल्या पुढल्या खोलीकडे पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि फरशीच्या भेगा, सतरंजीचं ठिगळ, सगळं एकदम पुढं आलं. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होत होती. समितीची माणसं अशा वेळी चहाला येतात ती चहा प्यायला येत नाहीत, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. घर बघतात. घरात काय भाषा चालते, बायको कशी वाढते, भिंतीवर कोण आहे. खैरुनबीने न मागता गालिचा दिला होता, अकीलाच्या, सुनेच्या, डोक्यावर देऊन पाठवला होता. "मास्टर भैया के घर बडे लोग आते," अकीला म्हणाली होती, "अम्मी बोली अच्छे से बिछाव." आणि खरोखर, गालिचा पसरल्यावर ती खोली दुसऱ्या कुणाची झाली. त्या दुसऱ्याच्या खोलीत आईला कुठं ठेवायचं हा प्रश्न मग आपोआप उभा राहिला. हातभर हस्तिदंती बांगड्या, केसांत चांदीच्या घुगऱ्या, आरसे लावलेली कांचळी. ती नुसती श्वास घेत बसली तरी वाजायची. त्याने तिला सांगितलं, "याडी, तू आतच बस. ते जाईपर्यंत येऊ नको इकडे." ती म्हणाली, बरं. तिला विचारायचं काहीच नव्हतं. पोराच्या शाळेचे साहेब येणार होते. आणि त्याच्या लक्षात आलं नाही (खरंच लक्षात आलं नाही? तो हे पुढं किती वेळा स्वतःला विचारणार होता) की आतल्या खोलीला एक खिडकी आहे आणि बाहेरचं दार नाही. न्हाणी, नळ, संडास, सगळं पुढच्या अंगणात. आतून बाहेर जायचं तर पुढच्या खोलीतूनच जायचं. गालिच्यावरून.

पाहुणे बसले. बसतच राहिले. अध्यक्षांना कापसाच्या हंगामाबद्दल बोलायचं होतं, हेडमास्तरांना अध्यक्षांना बोलू द्यायचं होतं. रामी दोनदा पोहे घेऊन आली, दुसऱ्यांदा येताना दारात क्षणभर थांबली, काही सांगायचं असल्यासारखी, आणि त्याने डोळ्यांनीच तिला परत पाठवलं. अध्यक्षांनी गालिच्यावरून हात फिरवला. म्हणाले, "खरं सांगू, राठोड? तुम्ही लमाणी वाटतच नाही हो." पूनमसिंग हसला. हे तो नंतर कुणालाही समजावून सांगू शकला नसता, पण तो मनापासून हसला, त्याला छातीत ऊब वाटली, बक्षीस मिळाल्यासारखी. आणि त्याच क्षणी आत बांगड्या वाजल्या. कोणीतरी बसल्या जागी कूस बदलावी, मांडी आवळावी, तशा.

"आत कोणी आहे वाटतं?" अध्यक्ष म्हणाले.

"कोणी नाही," पूनमसिंग म्हणाला.

त्यानंतर आतून आवाज आला नाही. एकसुद्धा नाही. दिवस कलेपर्यंत.

मीठ. आधी मीठ.

रामीने डब्यातलं खडेमीठ आणून ओतलं. पूनमसिंग फडकं घेऊन डागावर बसला आणि घासू लागला. "घासू नका," रामी म्हणाली, "टिपा. वरतून दाबा नुसतं." पण दाबण्यात शिक्षा नव्हती. घासण्यात होती. खांदा दुखेपर्यंत त्याने घासलं, लोकरीचे बारीक तंतू उठून हाताला चिकटले, आणि फडकं उचललं तेव्हा लाल कडेचा रंग सुटून पांढऱ्या फुलात उतरला होता, पाकळीच्या टोकापासून आत, नखाने ओरबाडल्यासारखा. आता डाग दोन झाले. एक पाण्याचा, वाळला की दिसणार नाही असा. दुसरा त्याचा स्वतःचा. मिठाचे खडे हळूहळू भिजून करडे होत होते आणि तो त्यांच्याकडे बघत बसला. त्याचा आजा, धावजी, बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. हे तांड्यावर सगळे सांगत. रात्री गोण्या मधोमध रचून भोवती माणसं निजायची, त्यांच्या भोवती बैल, आणि बैलांच्या भोवती कुत्रे. कुत्रा रचलेल्या गोणीपाशी कधी पाय वर करत नसे. तसा एखादा निघालाच तर त्याला तांड्यात ठेवत नसत, इतकं मीठ जपायचं. हे सांगताना म्हाताऱ्यांना कुत्र्यांचा अभिमान वाटायचा. भुऱ्या त्याच वाणाचा. आई म्हणायची, याच्या सात पिढ्यांनी गोणी बाटवली नाही. आणि आता त्या कुत्र्याच्या नावावर...

लिंबू, रामी म्हणाली. लिंबाने वास मरते.

राख टाक, आई आतून म्हणाली. गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, हळू. राख ओढून घेते. त्याला ऐकू आलं. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं, कारण उत्तर दिलं असतं तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. तिने फेटिया बदलला होता. ओला फेटिया तिने स्वतःच धुऊन आतल्या खोलीत, खिडकीच्या गजांना, वाळत घातला होता. अंगणातल्या दोरीवर नाही. अंगणात कोणी पाहिलं असतं.

सोडा. रिठ्याचं पाणी. मग नुसतं पाणी. मग ऊन, पण ऊन पुढच्या दिवशी, आणि तेही हिवाळ्याचं, भिंतीवर तिरकं पडून लगेच निघून जाणारं. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या. गालिचा दारातल्या बाजेवर पसरलेला पाहून गाडीवाले वाकून बघत. दुपारी त्याने नाक लावून पाहिलं. लोकर, धूळ, लिंबू. बस. त्याला इतकं हलकं वाटलं की तो रामीला हाक मारून हसला. मग, खात्री करायची म्हणून, त्याने तांब्यातलं थोडं पाणी बोटांनी शिंपडलं. आणि वास उठला. आधीपेक्षा धारदार, जागा झाल्यासारखा, मला कायले उठवलं म्हणत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने विज्ञानाच्या रामराव मास्तरांना विचारलं, एका पालकाच्या घरची गोष्ट म्हणून. रामराव खडू मोडत म्हणाले, "मुताचं तसंच असते बाप्पा. वायलं का निजते, ओल लागली का उठते. खाली झिरपलेलं असते ना. वरून किती धुतलं तरी काय." मग डोळा मारून: "पालकाच्या घरी लेकरू हाये का म्हातारं?"

"कुत्रा," पूनमसिंग म्हणाला.

आता ते सहज येत होतं. वर्गात फळ्यावर लिहिताना त्याला स्वतःच्या हाताचा वास आला. साबणाने धुतलेला होता, दगडाने घासलेला होता. खडूच्या भुकटीखाली, मिठाखाली, लिंबाखाली तो होता, आणि सगळ्यात वाईट हे की तो वास त्याला अनोळखी नव्हता. तांड्यावर, थंडीत, आईच्या गोधडीत तो असाच निजत असे. लहान होता तेव्हा त्यानेही ती गोधडी भिजवली असेल. तेव्हा तिने कुणाचं नाव सांगितलं होतं? कुणालाच काही सांगितलं नसेल. उचलली असेल, ओढ्यावर नेली असेल, झुडपावर टाकली असेल, सगळ्यांसमोर. हेडमास्तर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "अध्यक्षांना तुमचं घर आवडलं हं. गालिचा छान आहे." तो म्हणाला, "आपली कृपा." हात पाठीमागे धरून म्हणाला.

संध्याकाळी खैरुनबी स्वतः आली. पांढरी ओढणी, पान खाल्लेलं तोंड, गुडघे धरत पायरी चढली. "मास्टर भैया, तुमारा काम होऊन गया तो गालिचा भेज दो ना. जुम्मे कू इनकी बरसी है. बायका येतात पढायला, तुमाला मालूमच हाय."

त्याला माहीत होतं. दरवर्षी भिंतीपलीकडून बायकांचं पठण ऐकू यायचं, मधमाश्यांसारखं. तिचे पती रहेमान मोटारीचे मेकॅनिक होते. हैदराबादेहून हा गालिचा त्यांनी बसच्या टपावर बांधून आणला होता, आणि कोपऱ्यातल्या फुलावर बसून बिडी ओढता ओढता झोपी गेले होते. त्याची खूण, हरभऱ्याएवढं जळकं भोक, खैरुनबीने कधी रफू करू दिली नव्हती. येईल त्याला दाखवायची. ये देखो, यांचं दस्तखत.

"खालाजी, जरा थांबा. ओला आहे."

"ओला? कायकू? चाय गिरी?" ती हसली. "अरे चाय गिरी तो गिरी. यांनी आग गिराई थी."

चहा. चहा म्हणता आलं असतं. तिने शब्द तयार करून हातात दिला होता. पण वास? आणि रामरावला सांगितलेलं? आणि रामी? आणि सोडलेल्या गाठी? एकदा सांगितलेलं खोटं बदलायला जी हिंमत लागते ती खरं बोलायला लागणाऱ्या हिमतीपेक्षा कमी नसते, आणि त्याच्याजवळ दोन्हींतलं काहीच नव्हतं.

"कुत्र्यानं घाण केली," तो म्हणाला.

खैरुनबीचा पाय बाजेवरून लोंबणाऱ्या गालिच्याच्या झालरीवर होता. तो तिने मागे घेतला. रागाने नाही, विस्तवावरून घेतात तसा, न ठरवता. "कुत्ते ने," ती म्हणाली. "किधर?" त्याने दाखवलं. जळक्या भोकाच्या अगदी शेजारी होतं. तिकडं बघता बघता ती तोंडातलं पान चावायची थांबली.

"मी धुतो आहे. वास जाईल, खालाजी. अजून एकदा रिठा घालतो."

"वासाचं नाई, भैया. धोने से पाक तो होता. मौलवीसाब कू पूछा तो बोलेंगे, सात बार धोव, एक बार मिट्टी से. होता होंगा. पर मेरा दिल? मी त्याच्यावर कुरान खोलके कशी बसू? जिथं कुत्र्याचं असते तिथं फरिश्ते नई आते बोलते. और ये," तिने भोकाकडे बोट केलं, "ये तो आते होंगे ना उस दिन. इधरच बैठते थे." ती एकदम बोलायची थांबली, मग स्वतःलाच समजावल्यासारखं हसली. "लेकराचं असतं तर मी हस देती. माह्या पोरांनी इसीच पे मूता. इन्सान का क्या है, भैया. तीन पानी डालो, झाला पाक. तसं असतं तर मी आजच नेला असता उचलके."

माणसाचं असतं तर.

पूनमसिंगने तोंड उघडलं. वाक्य अगदी छोटं होतं. खालाजी, ते माणसाचं आहे. एवढंच. मग ती विचारेल, कुणाचं? मग सांगावं लागेल, आणि मग ती विचारेल, का? आणि ही बाई तोंडाळ नव्हती पण अकीला होती, नळावर अख्खी चाळ येत होती. राठोड मास्तरची म्हातारी पुढच्या खोलीत मुतली. आईची लाज जपायला हवी, त्याने मनाशी म्हटलं. आईची. पाठीमागच्या दारात बांगड्या अगदी बारीक वाजल्या; आई सगळं ऐकत होती. तोंड उघडलेलं होतं म्हणून त्याने जांभई दिल्यासारखं केलं आणि मिटलं.

"तुमीच ठेवा आता," खैरुनबी पायरी उतरत म्हणाली. "मेरे यहां चटई है. और सुनो, त्या बेजबान कू मारू नका बरं. त्याला काय मालूम."

त्याने कुत्र्याला मारलं नाही. त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, त्याने भुऱ्याच्या गळ्यात दोरी घातली आणि दारव्ह्याच्या छोट्या रेल्वेच्या रुळांवरून त्याला चालवत नेलं. का, हे त्याने स्वतःला नीट सांगितलं होतं: पुन्हा करेल, शेजाऱ्यांना त्रास, तांड्याची वाट त्याला ठाऊक आहे, रूळ धरून जाईल घरी. खरी गोष्ट ही होती की कुत्रा अंगणात इकडून तिकडे हिंडायचा, आणि त्याच्या हिंडण्यात एक असा निवांतपणा होता की तो बघवत नव्हता. ज्याने केलं नाही त्याचा निवांतपणा. गाव संपलं, पऱ्हाट्या लागल्या, फुटलेल्या बोंडांचा पांढरेपणा अंधारतानाही दिसत होता. त्याने दोरी काढली. भुऱ्या रुळाच्या कडेला बसला. "जा," पूनमसिंग म्हणाला. कुत्रा बघत राहिला. त्याला मराठी कळत नव्हती हे पूनमसिंगच्या लक्षात आलं; त्याच्याशी आजवर कोणी मराठीत बोललंच नव्हतं. पण गोरबोलीत हे सांगायचं त्याच्या तोंडी येईना. त्याने ढेकूळ उचललं आणि मारलं. ते लागलं नाही. लागावं असं मारलंच नव्हतं. आणि तरी कुत्र्याने मान अशी खाली घातली, की लागल्यापेक्षा वाईट.

सकाळी आईने हाक मारली. अंगणात, पायरीवर उभी राहून, तोंडाने तो आवाज काढून, जो तांड्यावर बायका काढतात, उंच जाऊन अर्ध्यात तुटणारा. चाळीतली दारं उघडली. पूनमसिंग आरशासमोर दाढी करत होता. त्याला सुटी होती.

"भुऱ्या कत गो?" आईने विचारलं.

"दोरी तोडून गेला."

दोरी कोपऱ्यात होती. अख्खी, गुंडाळून ठेवलेली. त्यानेच सवयीने नीट गुंडाळली होती. आईने ती पाहिली. मग ती आत गेली, आणि थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिने नवा फेटिया नेसला होता, ओढणी डोक्यावरून घेतली होती, सगळ्या घुगऱ्या लावल्या होत्या. लग्नाला निघाल्यासारखी. पुढच्या खोलीतून, भर उजेडात, वाजत वाजत ती गेली. त्याच्या अंगावरून गेली. त्याच्या गालावर अर्धा साबण होता. तो भिंतीकडे सरकला, आणि भिंत पातळ होती.

"बाई, हायेस का घरात?"

"आओ अम्मा, आओ. अकीला, बाज टाक गं. बैठो."

"बसत नाई. सांगाले आली." आईची वऱ्हाडी अडखळत चालायची, दगडांवरून चालल्यासारखी. "तुह्या गालिच्यावर कुत्रं नाई मुतलं. कुत्रं बांधेल होतं. ते मायं व्हय. मी मुतली."

पलीकडे अकीला फिसकन हसली आणि एकदम गप्प झाली; कोणीतरी डोळे वटारले असणार. पूनमसिंगने वस्तरा खाली ठेवला. साबण वाळून गालाची कातडी ओढत होता.

"या अल्ला," खैरुनबी म्हणाली. "इत्तीसी बात. अम्मा, मेरेकू तो छींक आली का समझो गया काम. दिवसातून किती येळा लुगडं बदलू मी?" आणि दोघी हसल्या. आई हसली. किती दिवसांनी. "मग कायकू इतका... मास्टर तो बोला..." ती थांबली. शब्द जुळवत असावी. "पर अम्मा, जागा तो सामनेच है. नीम के पीछे. जाने कू किसने रोका था? कौन बैठा था?"

पूनमसिंगने भिंतीला कपाळ लावलं. भिंत थंड होती. आता येईल, त्याला वाटलं, आणि यावं, असंही वाटलं. एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणावं.

"कोणी नाही," आई म्हणाली. "कोणी नाही बाई."

थोड्या वेळाने त्या तिघी आल्या आणि गालिचा उचलू लागल्या. रामीही पदर खोचून पुढं झाली. तो टोक धरायला वाकला तर खैरुनबीने त्याच्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. तिने सगळं जुळवलं होतं. "बाजू हो, भैया," ती म्हणाली, भैया म्हणताना आवाज तसाच गोड होता, "रंग तुमीच उतरवला ना फुलात? मर्दों का काम नई ये." त्यांनी गालिचा नळाखाली पालथा टाकला, उलट्या बाजूने पाणी सोडलं, आणि आई फेटिया गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यावर चालू लागली, पायांनी तुडवत, एका पायाने दाबून दुसऱ्याने ढकलत; खैरुनबी तिच्या दंडाला धरून शेजारी. घुगऱ्या वाजत होत्या. अंगणभर वास पसरला होता, उघडा, सगळ्यांना येणारा, आणि कोणी नाक धरत नव्हतं. नळावरच्या बायका थांबून बघत होत्या. आईला लाज वाटत नव्हती. त्याने नीट पाहिलं, नव्हती वाटत. जी जपायची म्हणून त्याने हे सगळं केलं ती तिच्याजवळ कधी नव्हतीच. ती सगळी त्याचीच होती, आणि आताही इथं उभी होती, एका गालावर साबण घेऊन.

त्याने तोंड पुसलं. कोपऱ्यातली दोरी घेतली.

रेल्वेच्या फाटकापाशी हेडमास्तर आणि अध्यक्ष फिरायला निघालेले भेटले. तो तोपर्यंत दोनदा हाक मारून चुकला होता, मराठीत, दबक्या आवाजात, आणि ती हाक नव्हतीच. म्हणून तिसऱ्यांदा त्याने आईचा आवाज काढला. उंच न्यायचा आणि अर्ध्यात तोडायचा. घशाला तो लहानपणी येत असे. आता फाटला, बकरीसारखा झाला. फाटकावरचा माणूस हसला. अध्यक्षांनी छत्री टेकली.

"हे काय, राठोड? कोणी हरवलंय का?"

शब्द जिभेवर तयार होता. गुळगुळीत झालेला, एकदा वापरलेला. आईनेही तो वापरला होता, त्याच्यासाठी, आणि तसाच परत करून ठेवला होता. घ्यायचा तेवढा.

"माझ्या आईचा कुत्रा," पूनमसिंग म्हणाला. "त्या दिवशी ती आतच होती. तुम्ही विचारलंत तेव्हा. तिला बाहेर जायचं होतं."

हेडमास्तरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना काही कळलं नाही, किंवा कळलं. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि छत्रीच्या टोकाने खडी उकरत राहिले, पुढं निघण्याइतका वेळ जाईपर्यंत. त्यांच्या तोंडासमोर तो पुन्हा ओरडला. या वेळी आवाज आणखी वाईट निघाला. त्याचे कान तापले, मानेपर्यंत तापले, आणि ते तसेच तापलेले घेऊन तो रुळांवरून चालत सुटला.

भुऱ्या तिथंच होता. तांड्याकडे गेला नव्हता, गावाकडे परतला नव्हता. जिथं बस म्हटलं नव्हतं तिथं बसला होता, रात्रीच्या दवाने केस चिकटलेले. "आव," पूनमसिंग म्हणाला. "आव, भुऱ्या." कुत्रा हलला नाही. ढेकूळ आठवत असावं. मग पूनमसिंग खडीत गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पुढं केले, रिकामे आहेत हे दाखवायला. कुत्र्याने मान लांब केली. हुंगलं. साबण, लिंबू, मीठ, आणि त्या सगळ्यांच्या खाली, कातडीत झिरपलेलं, जे निघालं नव्हतं, ते. त्याने पुन्हा हुंगलं, बोटांच्या बेचक्यांत नाक खुपसून, बराच वेळ. मग उठला. दोरी घालू दिली नाही. पूनमसिंगकडे न बघता त्याच्या पुढं, गावाच्या दिशेने, रुळांच्या मधून चालू लागला, आणि पूनमसिंग हातात मोकळी दोरी धरून त्याच्या मागे.